को-वर्किंग स्पेस की घर : चौदा महिन्यांच्या वापरानंतर

तांत्रिक पुस्तिकांचे लेखन आणि संपादन हे माझे काम. पहिले पाच महिने मी ते पूर्णपणे घरून केले, पुढचे सहा महिने रोज को-वर्किंग स्पेसमध्ये, म्हणजे निरनिराळे लोक शुल्क भरून एकत्र वापरतात अशा कार्यालयात, जाऊन केले आणि गेले तीन महिने आठवड्यातले दोन दिवस तिथे व उरलेले घरी अशी विभागणी ठेवली आहे. जागा निवडताना मी जो हिशेब मांडला होता तो जवळजवळ उलटा निघाला, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

एकाग्रतेने करायचे लेखन घरच्या शांततेत होईल आणि ग्राहकांच्या बैठका, शंकानिरसन असे बोलण्याचे काम व्यावसायिक जागेत नीट पार पडेल, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात घरी लेखनच मागे पडले. समोर दिसणारे एखादे घरकाम उरकून मग बसू असे म्हणता म्हणता अकरा वाजत, आणि त्याची भरपाई करताना रात्रीचे नऊ. को-वर्किंगमध्ये पहिल्याच आठवड्यात साडेनऊला बसले आणि एक वाजता उठले, तेव्हा एक अख्खे प्रकरण हातावेगळे झाले होते. समोरची अनोळखी व्यक्ती मान खाली घालून काम करते आहे, एवढ्यानेही आपला हात फोनकडे जात नाही, याचे मला अजून नवल वाटते.

बोलण्याचे मात्र हाल झाले. हॉट डेस्कच्या, म्हणजे रिकामे असेल ते टेबल वापरायच्या, दालनात बसून ग्राहकाच्या अप्रकाशित उत्पादनाबद्दल बोलणे योग्य नव्हते, आणि मीटिंग रूम आधी नोंदवावी लागे. राहिला फोन बूथ. कपाटाएवढी जागा, काचेचे दार, कोपर टेकेल एवढी फळी. दिवा आणि पंखा हालचालीवर चालणारे असल्यामुळे मी स्थिर बसून ऐकत राहिले की दोन्ही बंद होत आणि अंधारात हात हलवून ते पुन्हा चालू करावे लागत. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण सुमारे 420 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत 420 भाग) असते. हवा खेळती नसलेल्या बूथमध्ये एक माणूस बसला तरी काही मिनिटांतच ते 1000 च्या पुढे जाते. अर्ध्या तासानंतर डोके जड होण्याचे कारण मला तेव्हा कळले. त्याहून लांब बैठक तिथे घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसऱ्यांच्या बोलण्याचा त्रास निराळा. दोघे समोरासमोर बोलत असले तर काही वेळाने कान सरावतात, पण शेजारी कुणी फोनवर बोलू लागले की लक्ष उडते. लॉरेन एम्बरसन आणि सहकाऱ्यांनी कॉर्नेल विद्यापीठात केलेल्या आणि 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात हेच आढळले होते : संवादाची एकच बाजू ऐकू आली की पुढचा शब्द काय येईल याचा अंदाज लागत नाही आणि मन नकळत तिकडेच ओढले जाते. त्यामुळे दालनात फोनवर बोलण्यास मनाई आहे का, आणि ती पाळली जाते का, हे मी आता खुर्चीच्याही आधी पाहते.

घरी दार लावून बैठक घेतली तर यातले काहीच आड येत नाही. अर्थशास्त्रज्ञ निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी सीट्रिप या चिनी प्रवास कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये केलेला प्रयोग या संदर्भात मला फार बोलका वाटतो. घरून काम करणाऱ्यांची कामगिरी 13 टक्क्यांनी वाढली. त्यातला मोठा भाग कमी सुट्ट्या आणि कमी विश्रांतीचा होता, तर सुमारे 4 टक्के वाढ दर मिनिटाला जास्त कॉल हाताळल्याची होती, आणि ती संशोधकांनी घरच्या शांततेशी जोडली. त्या लोकांचे कामच बोलण्याचे होते. तरीही निवड करण्याची मुभा मिळताच त्यांतल्या जवळपास निम्म्यांनी कार्यालयात परतणे पसंत केले आणि एकटेपणा हे त्यामागचे एक महत्त्वाचे कारण होते. पाचव्या महिन्यात, घरच्या माणसांखेरीज कुणाशीही समोरासमोर न बोलता आठवडा सरला, तेव्हा मलाही ते जाणवले होते.

इंटरनेटबद्दल थोडक्यात : जाहिरातीत डाउनलोडचा वेग सांगतात, व्हिडिओ बैठकीत अडते अपलोडपाशी; म्हणून दालन भरलेले असताना, भर सकाळी, स्वतः चाचणी घ्यावी. नेटवर्क सामाईक असल्याने कामाच्या फायलींसाठी व्हीपीएन (माहिती सांकेतिक रूपात पाठवणारी खासगी जोडणी) हवेच.

करार मात्र मी नीट वाचला नाही, याची खंत आहे. मीटिंग रूमचे न वापरलेले तास पुढच्या महिन्यात जमा होत नाहीत, हे दोन महिने गेल्यावर समजले. रोजच्या सदस्यत्वावरून दोन दिवसांच्या योजनेवर येताना नोटिशीची मुदत नव्याने मोजली गेली, आणि अनामत रक्कम परत मिळण्यासाठी तीनदा लेखी पाठपुरावा करावा लागला. या तिन्ही गोष्टी सही करण्यापूर्वी लेखी विचारता येतात.

आता मंगळवार आणि गुरुवार मी तिथे जाते व त्या दिवशी बैठका घेत नाही. सगळ्या बैठका घरच्या दिवसांत बसवते. प्रोग्रॅमर ब्रॅड न्यूबर्ग यांनी 2005 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत को-वर्किंगची सुरुवात केली तीही आठवड्यातून दोनच दिवसांसाठी, हे मला ही विभागणी ठरवल्यानंतर वाचायला मिळाले. एक अडचण उरली आहे : मूळ मजकूर आणि दुरुस्त प्रत शेजारी शेजारी ठेवण्यासाठी मला दोन स्क्रीन लागतात आणि हॉट डेस्कवर एकच असतो. त्यामुळे अंतिम तपासणी अजून घरीच करते, दार लावून, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून.