‘फुल रिबिल्ट’ पोर्शे 944: काही महिने वापरल्यानंतर

पोर्शे 944 ही जुनी स्पोर्ट्स कार घेऊन आता बरेच महिने झाले. गाडीबद्दल निवांत लिहायचं होतं, पण पुढचं बेल्ट कव्हर उघडल्यावर आत जे दिसलं त्यानंतर आधी डीलरबद्दल लिहिणं भाग आहे.

जाहिरातीत स्पष्ट लिहिलं होतं: ‘इंजिन फुल रिबिल्ट, कसलंही काम नाही.’ म्हणजे इंजिन पूर्ण उघडून, झिजलेले पार्ट बदलून पुन्हा जोडलेलं. किंमतही त्याच हिशेबाने लावली होती. त्याच वर्षाच्या, तशाच अवस्थेतल्या पण इंजिन न उघडलेल्या 944 बऱ्याच कमीत मिळत होत्या. जास्तीचे सगळे पैसे मी त्या एका शब्दासाठी मोजले. पावत्यांची फाइल गाडीबरोबर देतो म्हणाले आणि दिलीही. त्यात एकच कागद होता. वर ‘इंजिन ओव्हरहॉल’, खाली शिक्का. कोणते पार्ट बदलले, काम कुणी केलं, सिलिंडरचं माप काय निघालं, एक अक्षर नाही.

आता ओडोमीटरबद्दल. ‘एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलीस’ असं मला घरात, गॅरेजमध्ये, सगळीकडे ऐकवून झालंय, तरी मी लिहिणारच. गाडी ताब्यात घेतली त्याच आठवड्यात लक्षात आलं की स्पीडोमीटरचा काटा चालतो, पण किलोमीटरचे आकडे जागचे हलत नाहीत. डीलरला फोन केला. उत्तर: “मॅडम, या मॉडेलमध्ये हे कॉमन आहे.” कॉमन आहे हे खरंच आहे. मीटरच्या आत प्लास्टिकचं एक छोटं दातेरी चाक असतं, जुनं झालं की त्याचे दात झडतात. गाडी चालू असताना ट्रिप मीटर शून्यावर आणलं तर आणखी लवकर. पण कॉमन आहे म्हणून तर ते आधीच बदलायला हवं होतं ना! शर्टाच्या बटणाएवढा पार्ट, किंमत अगदी किरकोळ. तो न बदलता गाडी ‘कमी चाललेली’ म्हणून विकली. आकडेच बंद असतील तर कमी चालली हे कशावरून?

आणि 944 मध्ये किलोमीटर कळणं ही चैन नाही, गरज आहे. टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा मेळ राखणारा पट्टा, तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात, हे ही गाडी सांभाळणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे. नवा बेल्ट टाकल्यावर सुरुवातीच्या दोनतीन हजार किलोमीटरनंतर त्याचा ताण पुन्हा तपासावा लागतो. शिवाय इंजिनाची थरथर कमी करणारे बॅलन्स शाफ्ट असतात, त्यांचा बेल्ट वेगळा. तो तुटून टायमिंग बेल्टमध्ये अडकला तरी शेवट तोच. गाडी कमी चालली तरी साधारण 4 वर्षांनी दोन्ही बेल्ट बदलावेत, असं ही गाडी सांभाळणारे सांगतात. बंद मीटरवर हे वेळापत्रक पाळणार कसं? ते चाक मी स्वतः आणून बसवलं. मीटर पॅनल बाहेर काढायला वेळ लागला, चाक बसवायला फारसा नाही.

मध्यंतरी पुढून बारीक शिट्टीसारखा आवाज यायला लागला. डीलर म्हणाले, “बेल्ट नवीन आहेत, सेट होतील.” मी वाट न पाहता जुन्या पोर्शेंवर काम करणाऱ्या एका मेकॅनिककडे गेले. कव्हर निघालं. टायमिंग बेल्ट खरोखरच नवा होता, त्यावरची छपाईसुद्धा पुसली गेली नव्हती. पण तो फिरत होता जुन्याच रोलरवर, आणि आवाज त्या रोलरच्या बेअरिंगचा होता. वॉटर पंपही जुनाच. बॅलन्स शाफ्टचा बेल्ट, ज्याला दोन्ही बाजूंना दात असतात, तो मेकॅनिकने काढून माझ्या हातात दिला. जरा वाकवला तर दातांच्या मुळाशी ओळीने भेगा उघडल्या. हा जुना बेल्ट नव्या बेल्टच्या पुढ्यात, त्याच कव्हरखाली होता. म्हणजे टायमिंग बेल्ट टाकताना तो हातात घेऊन बाजूला काढला आणि तोच परत चढवला. काय म्हणावं याला?

मग स्पार्क प्लग काढून आत कॅमेरा घातला. पिस्टनच्या डोक्यावर कार्बनचा जाड काळा थर. हे इंजिन अलीकडे कुणी उघडलेलंच नाही.

इथे माझं मत थोडं बदललं, तेही लिहिते. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, तपासलं तर चारही सिलिंडर चांगले आणि जवळजवळ सारखे. या 2.5 लिटरच्या इंजिनाचा ब्लॉक अल्युसिलचा, म्हणजे भरपूर सिलिकॉन असलेल्या ॲल्युमिनियमचा. त्यात लोखंडी लायनर नसतात, पिस्टन थेट त्या सिलिकॉनच्या कणांवर घासतात. साध्या इंजिनासारखं होनिंग करून, म्हणजे सिलिंडर आतून घासून, टाकलं तर तो पृष्ठभाग बिघडतो आणि गाडी ऑइल पिऊ लागते. या डीलरच्या वर्कशॉपचं काम पाहता त्यांनी इंजिन उघडलं नाही हे इंजिनाच्या पथ्यावरच पडलं. पण म्हणून न केलेल्या कामाचे पैसे घेणं योग्य ठरत नाही.

गाडीला मात्र मी पूर्ण गुण देते. इंजिन पुढे, गिअरबॉक्स मागे, त्यामुळे वजन दोन्ही चाकजोड्यांवर जवळपास सारखं. लांब वळणात स्टिअरिंग एकदा धरलं की दुरुस्त करावं लागत नाही. बॉडीला कारखान्यातूनच जस्ताचा लेप असल्यामुळे इतक्या वर्षांनी खालचा पत्राही धड आहे. इंजिन माउंट, म्हणजे इंजिन ज्यांवर टेकतं ते आधार, दबलेत, त्यामुळे गाडी उभी असताना चालू इंजिनाची थरथर जाणवते. तेवढं करून घेईन.

भांडणाचं सध्याचं असं आहे. दोन्ही बेल्ट, रोलर आणि पंप यांचं बिल, काढलेल्या पार्टचे फोटो आणि मेकॅनिकचा लेखी अहवाल मी डीलरला पाठवला. पहिलं उत्तर आलं, “बेल्ट-रोलर हे झिजणारे पार्ट, वॉरंटीत बसत नाहीत.” मी वॉरंटी मागितलीच नव्हती. जाहिरातीतला ‘फुल रिबिल्ट’ हा शब्द आणि कॅमेऱ्यातला कार्बन, एवढं दोनच गोष्टींचं उत्तर मागितलं होतं. दोनतीन पत्रांनंतर त्यांनी बेल्टच्या कामाचे पैसे दिले आणि विषय संपवायचा म्हणाले. इंजिनासाठी घेतलेल्या जास्तीच्या पैशांवर अजून चकार शब्द नाही. मी सोडलेलं नाही. पुढची नोटीस वकिलामार्फत जाईल.

कुणी सध्या रिबिल्ट 944 बघत असेल तर पिस्टन-रिंगच्या पावत्या आणि ब्लॉकवर काम करणाऱ्या मशीन शॉपचं नाव मागा, सौदा करण्याआधी प्लगच्या भोकातून कॅमेरा घालू द्या म्हणा, आणि चक्कर मारताना किलोमीटरचा शेवटचा आकडा फिरतोय का ते बघा.