२०१३ ची डिझेल गाडी, दोन वर्षं वापरून

माझं रोजचं केज ते बीड जाणं-येणं, म्हणजे ११० किमीच्या आसपास, म्हणून दोन वर्षांपूर्वी ९२ हजार चाललेली डिझेल हॅचबॅक घेतली. पेट्रोलची एक चांगली मिळू लाली होती पण आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल आणि २०२३ च्या आधीच्या बहुतेक गाड्या त्या हिशोबानं बनवलेल्याच नाहीत, ॲव्हरेज पण थोडं पडतं, त्यामुळं नको म्हणलं. सीएनजीत डिकी जाते, मला मागं ज्वारीची पोती टाकावी लागतात. डिझेल २० चं ॲव्हरेज देतंय, पेट्रोलच्या तुलनेत दिवसाला दोन-अडीचशे सुटतात. रनिंग कमी असंल तर मात्र डिझेलच्या नादी लागू नका.

इंधनाचा एवढा विचार केला पण क्लच बघितलाच नाही. तिसऱ्या महिन्यात बीडहून येताना मांजरसुंब्याच्या घाटात पुढं उसाच्या दोन ट्रॉल्या, हाफ क्लचवर हळूहळू चढवू लालो तर इंजिन नुसतं ओरडतंय आणि गाडी पुढं सरकना, मागून आई म्हणली बाबा काहीतरी जळू लालंय. अंधारात तिला घेऊन घाटात थांबावं लागलं, ते अजून आठवतंय.

केजच्या मिस्त्रीनं गिअरबॉक्स उतरवला, क्लचची प्लेट पार रिबिटापर्यंत घासलेली. त्यानं प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग सगळा सेटच टाकायला लावला कारण बेअरिंग नंतर गेलं तर परत गिअरबॉक्स उतरवायची मजुरी तेवढीच, आणि क्रँकचं मागचं ऑइल सील पण तपासलं, ते गळून प्लेटवर ऑइल आलं तरी क्लच स्लिप होतो, म्हणजे इंजिन फिरतं पण ताकद चाकापर्यंत पोचत नाही. साडेअकरा हजार गेले, पण काम एक नंबर केलं, जुने पार्ट हातात दिले.

जुनी गाडी बघायला गेलात तर मोकळ्या जागेत हँडब्रेक ओढा, चौथा गिअर टाका, थोडा ॲक्सिलेटर देऊन क्लच हळूहळू सोडा. इंजिन बंद पडलं तर क्लच धरतोय, चालूच राहिलं तर प्लेट गेली समजा. फार वेळ करू नका, प्लेट तापते. डिझेलला ओढ जास्त असल्यानं क्लचवर लोड पण जास्त येतो, म्हणून हे केल्याशिवाय भावाचं बोलूच नका, आणि स्लिप होत असंल तर पूर्ण सेटचे आणि मजुरीचे पैसे किमतीतून कमी करून घ्या.