बोलिंगचा बॉल युरेथेनचा की रिॲक्टिव्ह? आधी लेनवरचं तेल बघा

बोलिंगच्या लेनवर फाउल लाइनपासून, म्हणजे जी ओलांडायची नाही त्या रेषेपासून, पहिल्या पिनपर्यंत ६० फूट. त्यातल्या साधारण पहिल्या ४० फुटांवर तेलाचा पातळ थर असतो. तो डोळ्यांना जेमतेम दिसतो, पण बॉल कधी वळणार हे तोच ठरवतो.

रिॲक्टिव्ह रेझिनचं बाहेरचं आवरण असलेला बॉल तेलावरून सरळ घसरत जातो आणि कोरडा भाग लागला की झटकन वळतो. त्यामुळे तो पिनांत तिरका घुसतो आणि स्ट्राइकची शक्यता वाढते. तेल भरपूर असेल किंवा तुमच्या मनगटातून फिरकी कमी निघत असेल, तर माझं मत यालाच. मात्र याचा पृष्ठभाग तेल शोषतो. खेळून झालं की लगेच पुसायचा, कंटाळा करायचा नाही. नाहीतर पकड कमी होत जाते.

युरेथेनच्या आवरणाचा बॉल लवकर वळायला लागतो, पण हळूहळू, लांब कमानीत. शेवटचा झटका नाही, म्हणून अंदाज चुकत नाही. फिरकी जोरदार असणाऱ्यांना कोरड्या किंवा कमी तेलाच्या लेनवर हाच सांभाळता येतो. तिथे रिॲक्टिव्ह फार लवकर वळून हेडपिन (सगळ्यात पुढची पिन) ओलांडून जातो. भरपूर तेलावर मात्र युरेथेन बहुतेक वेळा वळतच नाही.

नवखे असाल तर सध्या दोन्ही राहू द्या. प्लास्टिकचा सरळ जाणारा बॉल घ्या, बोटांच्या मापाने भोकं पाडून घ्या. कोपऱ्यातली एकटी पिन पाडायला तो पुढेही लागतोच.