नाकावरचा उंचवटा: शस्त्रक्रिया की फिलर?

फिलरने उंचवटा जात नाही, लपतो. फिलर म्हणजे हायलुरॉनिक ॲसिडची जेल; ती सुईने उंचवट्याच्या वर आणि खाली हाडालगत भरतात. बहुधा 1 मिलीपेक्षा कमी पुरते. काम अर्ध्या तासाचं, परिणाम साधारण 9 ते 18 महिने. बाजूने रेषा सरळ दिसते, पण नाक मुळातच मोठं असेल तर ते आणखी भरीव वाटतं.

शस्त्रक्रियेत कूर्चा छाटतात, हाड घासतात किंवा छिन्नीने काढतात. मोठा उंचवटा काढल्यावर नाकाचा माथा सपाट, उघडा राहतो; म्हणून दोन्ही बाजूंची हाडं कापून आत आणावी लागतात. स्प्लिंट (नाकावरची कडक आधारपट्टी) आठवडाभर, चष्मा 4 ते 6 आठवडे बंद, बारीक सूज वर्षभर. मालवण-वेंगुर्ल्यात रोज समुद्रात किंवा उन्हात काम असेल तर तेवढी सवड आधी काढा. नाकाच्या आतला मधला पडदा वाकडा असल्याने श्वास अडत असेल, तर फिलरचा काही उपयोग नाही.

फिलरला किरकोळ समजू नका. जेल रक्तवाहिनीत गेली तर त्वचा पांढरी पडते, मग जाळीदार जांभळी होते, सडूही शकते. क्वचित दृष्टी जाते. आधी नाकाची शस्त्रक्रिया झालेल्यांना धोका जास्त. उतारा म्हणजे जेल विरघळवणारं औषध, हायलुरोनिडेझ; तोही ताबडतोब हवा. म्हणून मुंबई-कोल्हापूरला फिलर घेऊन त्याच संध्याकाळी गावाकडे निघू नका. निदान एक-दोन दिवस तिथेच राहा. ते औषध दवाखान्यात आहे का, हे सुई टोचण्याआधी विचारा.