ग्वांतानामो: चालू ठेवायचं की कैदी अमेरिकेत हलवायचे?

ग्वांतानामो म्हणजे क्यूबातल्या लष्करी तळावरचा अमेरिकेचा तुरुंग, दहशतवादाच्या संशयितांसाठीचा. वादविवाद स्पर्धेसाठी कोणती बाजू घेऊ, असं भाचीने विचारलंय. नेत्यांची भाषणं सोडून देऊ.

खर्चात तुलनाच नाही. २०१८ मध्ये ४० कैद्यांवर अंदाजे ५४ कोटी डॉलर गेले. क्यूबातल्या त्या तळावर बहुतेक सगळं जहाजाने नाहीतर विमानाने न्यावं लागतं. मुख्य भूमीवरचा कडेकोट तुरुंगही याच्या कितीतरी पट स्वस्त.

खटल्यांचं काय? ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यांचा कथित सूत्रधार खालिद शेख मोहम्मद २००३ मध्ये पकडला गेला. तळावरच्या लष्करी आयोगापुढे (म्हणजे लष्कराच्या खास न्यायालयापुढे) वर्षानुवर्षं नुसत्या प्राथमिक सुनावण्या. उलट अहमद घैलानी या तिथल्याच कैद्याला (आफ्रिकेतल्या अमेरिकी दूतावासांवरच्या १९९८च्या बॉम्बहल्ल्यांतला आरोपी) २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या नागरी न्यायालयात नेलं. २८५ पैकी एकाच आरोपात दोषी ठरला, तरी जन्मठेप झाली. (वादाच्या दोन्ही बाजू हाच खटला पुरावा म्हणून नाचवतात!)

राजकारणात मात्र हलवणं महागात पडतं. ओबामांनी जानेवारी २००९ मध्ये वर्षभरात तुरुंग बंद करण्याचा आदेश काढला. मे महिन्यात सिनेटने ९० विरुद्ध ६ मतांनी त्यासाठीचे पैसेच नाकारले. कैदी आमच्या राज्यात नकोत, हे स्वपक्षीयांचंही म्हणणं.

निकाल लावायचा, पैसे वाचवायचे, तर हलवणं बरं. खटल्याविना डांबायचं असेल तर तळ सोयीचा. पण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २००८च्या निकालानंतर तिथले कैदीही कोर्टात दाद मागू शकतात, त्यामुळे ती सोयही अर्धीच.