रीकंडिशन केलेला स्टीअरिंग कॉलम: एक उन्हाळा, एक हिवाळा वापरल्यानंतर

पैसे वसूल झाले, हे आधीच सांगून टाकतो. मागच्या उन्हाळ्यात बसवलेल्या कॉलमने (हातातल्या चाकाचा जोर खाली पोचवणारा, विजेच्या मोटरसकटचा दांडा) अख्खा हिवाळा काढला. स्टीअरिंगच्या बिघाडाचा दिवा पुन्हा लागलेला नाही आणि "विकून टाक ती गाडी" हे घरातलं पालुपदही थांबलंय. तरीही ज्यांचं पॉवर स्टीअरिंग आज गेलंय त्यांनी हे वाचून लगेच कॉलम काढायला घेऊ नये. आधी बॅटरी बघा. का ते पुढे येईलच.

गाडी 2005 ची. दोन सीट, कापडी छप्पर, मॅन्युअल गिअर, ताकद मागच्या चाकांना. सासूबाई इंग्लंडला आल्या तेव्हा गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाल्या, "अहो, दोघं बसलात तर पिशव्या कुठे ठेवायच्या?" प्रश्न रास्त आहे. पण आम्ही राहतो मिल्टन कीन्सला, आणि या शहरात अशी गाडी चालवण्यात वेगळीच मजा आहे. मोठे रस्ते आडवे-उभे आखलेले, आडव्यांना एच आणि उभ्यांना व्ही असे क्रमांक. दोन रस्ते छेदतात तिथे बहुतेक ठिकाणी सिग्नल नसून राउंडअबाउट, म्हणजे गोल फिरून पुढे जायचा चौक, असतो. असे शंभराहून जास्त आहेत. दूध आणायला गेलं तरी स्टीअरिंग डावीकडे, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. चांगलं असेल तर सुख, बिघडलेलं असेल तर हातांची कसरत.

बिघाड एकदम आला नाही. आधी उन्हाच्या दिवसांत सरळ रस्त्यावर साठच्या वेगाने जाताना (इथे मैलांचा हिशेब) स्टीअरिंग मध्यभागी धरल्यासारखं व्हायचं. पावसाळ्यात फुगलेलं दार जसं जोर लावेपर्यंत हलत नाही आणि मग एकदम उघडतं, तसंच. केसभर दुरुस्ती करायला जावं तर आधी काहीच नाही, मग गरजेपेक्षा जास्त. लांबच्या प्रवासात याने खांदे भरून येतात. पुढचा टप्पा दिव्याचा. सकाळी गाडी सुरू केली की पिवळा दिवा आणि स्टीअरिंग दगड. बंद करून पुन्हा चालू केली की सगळं सुरळीत. आणि मग एका संध्याकाळी पोर्टवे आणि ग्राफ्टन स्ट्रीट जिथे भेटतात त्या राउंडअबाउटवर, ऐन वळणात, स्टीअरिंगला मिळणारी मोटरची मदत गेली.

अशा वेळी नेमकं काय होतं ते नीट समजून घ्यावं, कारण ऐकीव भीती फार असते. हातातलं चाक आणि रॅक (पुढची चाकं वळवणारी दातेरी पट्टी) यांच्यातला लोखंडी दांडा तसाच असतो. गाडी वळते, फक्त सगळा जोर तुमचा. वेगात असताना फरक कमी जाणवतो, हळू वळताना प्रचंड. धोका आहे तो अचानक होणाऱ्या बदलाचा. हात हलक्या चाकाच्या हिशेबाने चाललेले असतात आणि चाक मध्येच थांबतं. पहिली काही इंच गाडी तुमच्या मनाविरुद्ध बाहेरच्या लेनकडे सरकते. दोन्ही हात चाकावर असतील तर सावरता येतं. एका हाताने, कोपर खिडकीवर टेकवून चालवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

आता थोडं यंत्राबद्दल, कारण दुरुस्तीचे पर्याय त्यावरच ठरतात. जुन्या पद्धतीत इंजिनच्या पट्ट्यावर पंप आणि त्यातून दाबाखाली तेल. ते गेलं की बहुधा गळती, पट्टा किंवा पंप, आणि कुठलाही बरा मेकॅनिक ते हाताळतो. टोयोटाच्या एमआर2 मध्ये इंजिन मागे, म्हणून 1990 च्या दशकातल्या गाड्यांत पुढे विजेवर चालणारा पंप बसवून तेल फिरवलं. तिथे तेल आणि वीज दोन्ही तपासावं लागतं. माझ्या गाडीत तेल नाहीच. कॉलमवर, डॅशबोर्डच्या आत, विजेची मोटर आहे. ती वर्म गिअरमधून (स्क्रूसारख्या दांडीने फिरणारं दातेरी चाक) दांड्याला ढकलते. तुम्ही किती जोर लावताय हे टॉर्क सेन्सर मोजतो, आणि किती ढकलायचं ते कंट्रोल युनिट ठरवतं. ही कल्पना पहिल्यांदा बाजारात आली ती 1988 मध्ये सुझुकीच्या सर्व्हो या चिमुकल्या गाडीत. स्पोर्ट्स कारवाले बराच काळ नाक मुरडत होते. होंडाने 1990 च्या एनएसएक्समध्ये ती फक्त ऑटोमॅटिक गाडीला दिली होती. पोर्शच्या 911 ला विजेचं स्टीअरिंग मिळायला 2011 उजाडलं. लोटस एलिसला तर कुठलंच पॉवर स्टीअरिंग नाही, पण ती हलकी आहे आणि पुढच्या चाकांवर फार वजन नाही, म्हणून खपून जातं.

बॅटरीचं सांगतो. गाडी उभी असताना चाक फिरवलं तर ही मोटर चाळीस-पन्नास अँपिअर सहज ओढते, काही गाड्यांत त्याहून जास्त. व्होल्टेज पडलं की कंट्रोल युनिट मदत बंद करून दिवा लावतं. म्हणजे दुखणं बॅटरीत आणि संशय कॉलमवर. अल्टरनेटर, गाडीच्या बॉडीला जोडलेली अर्थिंगची पट्टी, कॉलमजवळचा कनेक्टर, या सगळ्यांची तपासणी तासाभरात होते आणि तिला फारसा खर्च नाही. माझ्या मेकॅनिकने तेच आधी केलं. बॅटरी ठणठणीत, अर्थिंगची पट्टी मात्र हिरवी पडलेली. ती साफ केली, फरक शून्य. मग त्याने गाडीतल्या दोषांचे कोड वाचणारा स्कॅनर लावला. इथे एक गोष्ट: ऑनलाइन मिळणारा दहा-पंधरा पाउंडाचा कोड रीडर साधारणपणे इंजिनचे कोड वाचतो, स्टीअरिंगच्या युनिटपर्यंत पोचत नाही. त्या बनावटीची सगळी युनिट वाचणारा स्कॅनरच लागतो. त्यावर स्वच्छ आलं: टॉर्क सेन्सरचे दोन सिग्नल एकमेकांशी जुळत नाहीत.

याच सुमारास नंबर प्लेट टाकून सरकारी साइटवर रिकॉल (दोष दुरुस्त करायला कंपनीने गाडी परत बोलावणं) बाकी आहे का तेही पाहिलं. दोन मिनिटांचं काम, कुणीही टाळू नये. स्टीअरिंगवरून मोठे रिकॉल झालेले आहेत. 2010 मध्ये जनरल मोटर्सने अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोत शेव्हरोले कोबाल्ट आणि तिच्या भावंड-गाड्या मिळून सुमारे 13 लाख गाड्या याच मोटरसाठी परत बोलावल्या. माझ्या गाडीवर काही निघालं नाही.

डीलरकडे नवीन कॉलम, मजुरी आणि कोडिंग (नव्या भागाची गाडीच्या संगणकाशी ओळख करून देणं) धरून साधारण 1,800 पाउंड. गाडीची आजची किंमत त्याच्या दुपटीच्या आसपास, तेही गिऱ्हाईक खुशीत असेल तर. पर्याय बाद. भंगारातल्या गाडीचा कॉलम शंभर-दीडशेत मिळतो, पण तोही त्याच वयाचा, त्याच कारखान्यातला, त्याच दुखण्याच्या वाटेवर. शिवाय काही गाड्यांत दुसऱ्या गाडीचं युनिट कोडिंगशिवाय चालत नाही. मला हा जुगार वाटतो.

मग आहे "फ्यूज काढ आणि हात कमव" हा पंथ. मित्रमंडळींत असा एकजण असतोच. मी एक आठवडा तसं चालवून पाहिलं. मोकळ्या रस्त्यावर खरंच छान वाटतं, रस्ता हाताला कळतो. पण पॉवर स्टीअरिंगसाठी बनवलेला रॅक तेज असतो, कमी फेऱ्यांत जास्त वळतो, म्हणून मदत गेल्यावर तो मूळच्या साध्या रॅकपेक्षा जड लागतो. त्यात बंद मोटर आणि वर्म गिअर हेही तुम्हीच फिरवायचे. सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये घामाघूम झालो. बायको म्हणाली, "मला नाही जमणार हं हे, सांगून ठेवते." दिवा पेटलेला असला तर वार्षिक एमओटी तपासणीत गाडी नापास होते, तो प्रश्न वेगळाच. ट्रॅकवर नेण्यापुरती गाडी असेल तर खरा मॅन्युअल रॅक बसवा. अर्ध्यावरचा मार्ग रोजच्या वापराला निरुपयोगी.

उन्हात चाक अडकतं एवढंच दुखणं असेल, दिवा लागत नसेल, तर मात्र ग्रीसचा पर्याय जरूर करून बघा. माझ्या मेकॅनिकने मोटर सोडवून वर्म गिअर उघडा केला तेव्हा आतलं ग्रीस चॉकलेटी, चिकट होऊन दातांच्या कडेला साचलेलं होतं आणि जिथे दात सर्वात जास्त एकमेकांवर येतात, म्हणजे चाक सरळ असतानाची जागा, तिथे जवळपास कोरडं. त्यातलं मोठं चाक प्लास्टिकचं असतं, म्हणून हाताला येईल ते ग्रीस किंवा सॉल्व्हंट वापरू नये. प्लास्टिकला चालणारं सिंथेटिकच हवं. हे केल्यावर माझं अडकणं जवळजवळ गेलं. सेन्सरचा दोष अर्थातच राहिला.

म्हणून शेवटी आपलाच कॉलम रीबिल्ट करून घ्यायचा ठरवला. नाव लिहीत नाही, अशा कामाच्या बऱ्याच कंपन्या इथे आहेत. कॉलम कुरिअरने पाठवायचा, ते बेंचवर लावून दोष पक्का करतात, सेन्सर बदलतात, कंट्रोल बोर्डावरचे तडकलेले सोल्डर जोड पुन्हा करतात आणि तोच कॉलम परत येतो. आपलाच असल्यामुळे माझ्या गाडीत कोडिंग लागलं नाही. 350 पाउंड, कुरिअर धरून. आठवडाभर गाडी दारात उभी. वॉरंटीचा कागद मात्र चष्मा लावून वाचा: "आजीवन" शब्द मोठ्या अक्षरात असतो, आणि वॉरंटी फक्त भागाची, पुन्हा काढ-घाल करायची मजुरी तुमची, हे बारीक अक्षरांत.

काढणं-बसवणं घरी करता येतं असं सांगणारे भेटतील. माझा सल्ला, एअरबॅगला हात लावायची सवय नसेल तर नको. बॅटरी काढून थांबावं लागतं, मगच एअरबॅग. चाकामागची गोल पट्टी, जिच्यातून हॉर्न आणि एअरबॅगच्या तारा जातात, ती मध्यावरच टेप लावून अडकवावी. सुटी फिरली तर पुढे चाक वळवताना आतली रिबन तुटते. मेकॅनिक पाय सीटच्या पाठीवर आणि डोकं क्लच पॅडलच्या खाली अशा अवस्थेत होता, मी टॉर्च धरून. त्याने खालच्या सांध्यावर पांढऱ्या रंगाची रेघ ओढली, म्हणजे परत बसवताना दांडा एका दाताने इकडे-तिकडे जाऊ नये. तिथला बोल्ट नवीनच घातला. हा बोल्ट जुनाच वापरू का असं विचारणाऱ्या मेकॅनिककडे मी गाडी देणार नाही. बसवल्यावर अँगल सेन्सर (चाक किती वळलंय ते मोजणारा) शून्यावर आणून घेतला, नाहीतर गाडी सरळ जात असताना स्टॅबिलिटी कंट्रोलला, म्हणजे गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेला, ती वळतेय असं वाटतं.

वापराचा अनुभव. पहिल्याच दिवशी जाणवलं की मधली जागा पुन्हा जिवंत झाली. बोटभर हलवलं की बोटभरच वळतं. आमच्या गावातून जाणारा ए5 हा रस्ता तसाच पुढे वेल्समध्ये बेटुस-इ-कोएडवरून होलीहेडपर्यंत जातो. सप्टेंबरमध्ये त्यावरून गेलो आणि लानबेरिसच्या खिंडीत दोन्ही बाजूंना दगडी भिंती, मध्ये मेंढ्या, अशा रस्त्यावर छप्पर उघडून चालवलं. तिथे स्टीअरिंगवर विश्वास नसता तर मी भिंतीकडेच बघत राहिलो असतो. तेलावर चालणाऱ्या जुन्या स्टीअरिंगची सर याला नाही, रस्त्याचा खडबडीतपणा गाळूनच हातात येतो. पण तो या गाडीचा मूळ स्वभाव आहे, रीबिल्टने तो बदलणार नव्हता.

कुरबुर एकच. गाडी उभी असताना चाक या टोकाहून त्या टोकाला नेलं तर एक बारीक 'टक्' ऐकू येतो. आधी नव्हता. कंपनीला व्हिडिओ पाठवला, ते म्हणाले गिअरमधलं ठरलेलं अंतर आहे, वाढलं तर कळवा. वाढलेलं नाही. थंडीत बर्फ पडल्यावर गाडी काही दिवस उभी होती, तेव्हा बॅटरीला चार्जर लावून ठेवला. मीठ टाकलेल्या रस्त्यांवरून आल्यावर खालून धुतोही. हे वेड नाही: 2018 मध्ये टेस्लाने सुमारे 1,23,000 मॉडेल एस परत बोलावल्या त्या पॉवर स्टीअरिंगचे बोल्ट रस्त्यांवर टाकलेल्या क्षारांनी गंजत होते म्हणून.

उभ्या गाडीत चाक फिरवायचंही बंद केलंय. बाबांनी सांगलीत वर्षानुवर्षं पद्मिनी चालवली, तिला कसलं पॉवर स्टीअरिंग. व्हिडिओ कॉलवर सगळी कहाणी ऐकून म्हणाले, "अरे, गाडी जराशी चालती ठेवून वळव, आम्ही काय वेगळं करत होतो?" मोटरवरचा भार त्याने खरोखर कमी होतो. पुण्यात भावाच्या हॅचबॅकलाही अशीच कॉलमवरची मोटर आहे. त्याचा दिवा लागला तेव्हा मी बॅटरीचे टर्मिनल बघायला सांगितलं, आणि तिथेच मिटलं.

गाडी डीलरकडून घेऊन सहा महिने झाले नसतील तर इथले ग्राहक कायद्याचे हक्क आधी वापरा. 2015 च्या कायद्याप्रमाणे या काळात दिसलेला दोष मुळातच होता असं धरलं जातं आणि नव्हता हे विक्रेत्याने सिद्ध करायचं. मी खासगी माणसाकडून घेतली होती, मला तो मार्ग नव्हता.

एमओटी मागच्या महिन्यात झाली, पास. तपासनिसाने पुढच्या डाव्या टाय रॉडच्या (रॅकला चाकाशी जोडणारी दांडी) टोकाला किंचित खेळ असल्याचं लिहून दिलंय. त्याचा कॉलमशी संबंध नाही, पण ते बदललं की अलाइनमेंट आणि अँगल सेन्सर दोन्ही पुन्हा करावं लागेल. त्याचे साधारण 120 पाउंड धरून ठेवलेत.