टायर दुसऱ्याच मापाचे, दुरुस्ती मात्र सगळ्या गाडीची

माझ्या 2019 सालच्या स्विफ्टचे पुढचे दोन टायर मी 2023 च्या जून महिन्यात पुण्याच्या एका उपनगरातील दुकानात बदलून घेतले आणि पुढच्या सात आठवड्यांत त्याच दुकानात मिळून एकूण 19,100 रुपये भरले. त्यांपैकी टायरचे होते फक्त 8,600. उरलेले पैसे मी ज्या बिघाडांसाठी मोजले, ते बिघाड गाडीत मुळात नव्हतेच. चुकीचे टायर विकणे ही एक फसवणूक झाली, पण त्या टायरांमुळे गाडीत दिसू लागलेले प्रत्येक लक्षण नवा आजार म्हणून मला पुन्हा विकले गेले, याचा राग मला अधिक आहे. ही पद्धत इतरांच्या लक्षात यावी म्हणून सगळे तपशिलात लिहीत आहे.

माझ्या गाडीचे मूळ माप 165/80 आर 14. ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरील स्टिकरवर छापलेले असते, पण तोपर्यंत मी ते कधी वाचले नव्हते. दुकानदार म्हणाला, "मॅडम, हे माप सध्या शिल्लक नाही. एक नंबर रुंद टाकतो, ग्रिप वाढेल, सगळे हेच टाकतात." पक्के बिल घेतल्यास 28 टक्के कर लागेल असे सांगून त्याने साध्या कागदावर "टायर 14 इंच, 2 नग" एवढेच लिहून दिले. त्यात टायरचे माप नव्हते, सीरियल नंबर नव्हता, जीएसटी क्रमांकही नव्हता. तो कागद मी मान्य केला आणि पुढे तक्रार करताना मला सर्वांत जड गेले ते हेच.

दर पंधरवड्याला मी आईला तपासणीसाठी साताऱ्याहून पुण्याला आणत असे. टायर बदलल्यानंतरच्या पहिल्याच फेरीत गाडी उजवीकडे ओढत असल्याचे जाणवले. आपल्याकडे पाणी वाहून जावे म्हणून रस्त्याला कडेच्या बाजूने उतार दिलेला असतो, त्यामुळे डाव्या बाजूने चालणारी गाडी सोडली तर किंचित डावीकडे कलते. ही मात्र उताराच्या उलट, दुभाजकाकडे जात होती, आणि ब्रेक लावला की ओढ आणखी वाढत होती. खंबाटकीचा घाट चढताना पावसात स्टीअरिंग सतत डावीकडे धरून ठेवावे लागले. परत येताना मागच्या सीटवर आई होती, आणि बोगद्यानंतरच्या त्या वळणावर ओल्या रस्त्यावर पुढचे उजवे चाक क्षणभर माझ्या हातातून निसटल्यासारखे झाले. तो क्षण मी अजून विसरलेले नाही.

दुकानात परत गेले तेव्हा अलाइनमेंट बिघडल्याचे सांगून 600 रुपये घेतले. आठ दिवसांनी गेले तेव्हा पुन्हा 600. या वेळी मी हट्ट धरून यंत्राची छापील पट्टी मागून घेतली. तिच्यावरचे सगळे आकडे मर्यादेत होते. अलाइनमेंटचे यंत्र चाकांचे कोन मोजते, टायर लहान आहे की मोठा हे त्याला कळत नाही. म्हणजे कोन बरोबर असूनही गाडी ओढत असेल, तर पहिला संशय टायरवरच घ्यायला हवा, आणि ही गोष्ट रोज दहा गाड्या उभ्या करणाऱ्या माणसाला ठाऊक नसेल यावर माझा विश्वास बसत नाही. त्याने गाडी वर उचलली, लोअर आर्मच्या (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्याच्या) बुशमध्ये, म्हणजे रबरी सांध्यात, पहार घालून हलवून दाखवली आणि "प्ले आला आहे", म्हणजे सांधा ढिला झाला आहे, असे म्हणून दोन्ही लोअर आर्म बदलले. त्याचे 6,200 रुपये झाले. ओढ तशीच राहिली. पुढे एबीएसचा, म्हणजे ब्रेक लावताना चाके जखडू न देणाऱ्या यंत्रणेचा, दिवा लागू लागला, तेव्हा उजव्या पुढच्या चाकाचा वेग मोजणारा सेन्सर खराब असल्याचे सांगून 3,100 रुपये घेतले. दिवा चार दिवस विझला आणि पुन्हा लागला.

आणखी एक खूण माझ्या डोळ्यांसमोर होती. आमच्या दारापासून आईच्या दारापर्यंत वर्षानुवर्षे 108 किलोमीटर भरत, ते आता 113 भरू लागले होते. त्यामुळे ॲव्हरेज वाढल्यासारखे वाटले आणि मी खूश झाले.

शेवटी साताऱ्यात आईचे शेजारी ज्यांच्याकडे गाड्या नेतात, त्या मिस्त्रीकाकांकडे गाडी घेऊन गेले. त्यांनी बॅटरी लावून खाली वाकून दोन्ही पुढच्या टायरांवरची अक्षरे वाचली आणि म्हणाले, "ताई, डावा 175/70 आहे, उजवा 175/65. मागचे दोन आणि स्टेपनी 165/80. एका गाडीत तीन मापे आहेत." माझ्या चेहऱ्यावरचा अविश्वास त्यांना दिसला असावा, कारण दोन्ही टायर शेजारी उभे केले तरी मला ते सारखेच वाटत होते. "तुम्हाला पटायला हवं, म्हणून करून दाखवतो," असे म्हणून त्यांनी पुढची दोन चाके एकमेकांच्या जागी बसवली आणि मलाच गाडी चालवायला सांगितली. मोकळ्या सपाट रस्त्यावर गाडी आता डावीकडे ओढू लागली. ओढ चाकाबरोबर दुसऱ्या बाजूला गेली, याचा अर्थ दोष टायरमध्ये होता. तो लोअर आर्ममध्ये किंवा स्टीअरिंगमध्ये असता तर ओढ उजवीकडेच राहिली असती. या सगळ्याला पंधरा मिनिटे लागली.

मग चाके पुन्हा जागेवर लावून त्यांनी प्रत्येक टायरच्या तळाशी आणि तिथेच जमिनीवर खडूची रेघ मारली, चाकाचा एक पूर्ण फेरा होईपर्यंत गाडी ढकलायला लावली आणि टेपने अंतर मोजले. डाव्यापेक्षा उजव्या टायरचा फेरा सुमारे पाच सेंटिमीटर कमी भरला. त्यामागचे गणित सोपे आहे. पहिला आकडा मिलिमीटरमधील रुंदी, दुसरा आकडा त्या रुंदीच्या किती टक्के टायरची उंची आहे ते सांगतो, आणि तिसरा रिमचा व्यास इंचांत. 14 इंच म्हणजे 355.6 मिलिमीटर. त्यात टायरची उंची वर आणि खाली अशी दोनदा मिळवली की मूळ टायरचा व्यास सुमारे 620 मिलिमीटर येतो, डाव्याचा 601 आणि उजव्याचा 583. लहान चाकाला तेवढेच अंतर कापायला अधिक फेरे घ्यावे लागतात आणि गाडी त्याच बाजूला वळू पाहते. मीटरवर जास्तीचे पाच किलोमीटर चढत होते तेही याच कारणाने. एबीएसच्या दिव्याचा उलगडा त्यांच्या मुलाने स्कॅनर जोडून केला. मागची चाके ताशी 60 दाखवत असताना डावे पुढचे चाक 62 दाखवत होते आणि उजवे जवळजवळ 64. सेन्सर अगदी खरे सांगत होता. यंत्रणेला एक चाक बाकीच्यांपेक्षा वेगाने फिरताना दिसत होते आणि म्हणून ती इशारा देत होती.

उजव्या टायरबद्दल काकांना आणखी शंका होती. नव्या टायरवर रबराचे बारीक केस असतात, ते डाव्यावर होते, उजव्यावर एकही नव्हता. बोट फिरवल्यावर त्यांच्या बोटाला काळे पॉलिश लागले. बाजूवरच्या कोडचे शेवटचे चार आकडे 2317 होते, म्हणजे 2017 सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला टायर. दुसऱ्या कुणाच्या गाडीवरून उतरवलेला, सहा वर्षांचा टायर पॉलिश करून मला नवा म्हणून विकला होता.

त्याच दिवशी मी दोन्ही टायरांच्या मापाचे, कोडचे आणि खडूच्या रेघांचे फोटो काढले, काकांकडून सही-शिक्क्यानिशी तपासणीचे निष्कर्ष लिहून घेतले आणि दुकानदाराला लेखी नोटीस पाठवली. पैसे यूपीआयने दिलेले असल्यामुळे प्रत्येक रक्कम आणि तारीख बँकेच्या नोंदीत सापडली. कच्च्या कागदापेक्षा तोच पुरावा भक्कम ठरला. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दावा करता येतो, त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते आणि मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. वकील लावण्याचीही सक्ती नाही.

नोटीस मिळाल्यावर तिसऱ्या दिवशी दुकानदाराचा फोन आला. चूक कामगाराची आहे, जुने टायर घेऊन या, योग्य मापाचे नवे बसवून देतो, आणखी काही वाढवू नका, असे तो म्हणाला. ते दोन टायर त्याच्या हाती गेले असते तर माझ्याजवळ फक्त फोटो उरले असते, म्हणून मी नकार दिला. योग्य मापाचे टायर मी दुसरीकडून पक्क्या बिलावर घेतले. बिलावर माप आणि दोन्ही सीरियल नंबर लिहून घेतले आणि टायर रिमवर चढण्यापूर्वी बाजूची अक्षरे स्वतः वाचली. त्यानंतर तीच गाडी, सेन्सरला पुन्हा हात न लावता, घाटात हात हलका ठेवला तरी सरळ चालते आणि दिवा लागत नाही. दुकानात काढून टाकलेला तो सेन्सर मी त्या वेळी मागून घेतला होता. आता तो आणि ते दोन टायर गॅलरीत झाकून ठेवले आहेत, आणि उजव्यावरची खडूची रेघ मी पुसू दिलेली नाही.